सायलेन्सरची काजळी

आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की मोटारसायकल आठवते, त्यातही बुलेट. फटफट आवाज करणारे बदललेले सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात आणि त्याची छायाचित्रे अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. या लेखातला सायलेन्सर तो नव्हे. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आट्यांवर बसवतात तो हा. दोन्हींचे तत्त्व मात्र एकच आहे आणि दोन्हींच्या इतिहासात एकाच माणसाचे नाव येते. त्याच्याकडे पुढे वळू. आधी मी या विषयात कसा पडलो ते सांगतो, कारण तो माझा विषय नव्हे.

एका रविवारी संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासात राहतो, तिकडे सकाळ होती. पॉइंट टू टूची रायफल घेऊन तो सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जातो. तिकडे ते बेकायदा नाही आणि विशेषही नाही. त्याने कॅमेऱ्यासमोर तळहात धरला. तळहातावर टोपणाएवढ्या सात-आठ चकत्या होत्या, मधोमध भोक असलेल्या, कोळशासारख्या काळ्या.

"मामा, रात्री चांदीसारख्या होत्या. सकाळी बघतो तर हे."

"कशात बुडवल्या होत्यास?"

"गॅरेजच्या फरशीवरचे तेलाचे डाग काढायचं क्लीनर आहे, एकदम जोरदार. ते अल्ट्रासॉनिकच्या टाकीत घातलं, मशीन लावलं आणि झोपलो."

"टाकी कुठे ठेवली होतीस?"

"किचनमध्ये. सिंकच्या बाजूला."

पहिल्या उत्तराने मला वाईट वाटले. दुसऱ्याने मी घाबरलो. त्या घरात माझी चार वर्षांची नात आहे.

मला त्याने फोन का केला, तर मी आयुष्याची बावीस वर्षे ॲल्युमिनियम धुण्यात घालवली आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या ॲनोडायझिंगच्या कारखान्यात मी हेल्पर म्हणून लागलो आणि टाक्या सांभाळणारा माणूस म्हणून बाहेर पडलो. रसायनशास्त्र बारावीपर्यंतचेच. बाकीचे टाक्यांनी शिकवले आणि नंतर जुन्या बाजारात मिळतील तशी घेतलेली पुस्तके वाचून समजत गेले. शस्त्रांबद्दल मला काही म्हणता काही ठाऊक नव्हते. त्या फोननंतर काही महिने वाचन केले, त्यातून हा लेख झाला.

आपल्या वाचकांपैकी कोणाकडे ही वस्तू असण्याचा संभव नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारे साधन हे 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे. म्हणजे नुसती नळकांडी जवळ असली तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच. पण त्या नळकांडीत जो धातू आहे तो प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे, आणि तिच्यात जो मळ साचतो तो त्याहून जुन्या ओळखीचा आहे.

हायरम पर्सी मॅक्झिम हा त्या माणसाचा उल्लेख मघाशी राहिला. त्याचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम याने १८८०च्या दशकात लंडनमध्ये पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बनवली. आफ्रिकेपासून वायव्य सरहद्दीपर्यंत साम्राज्याच्या लढाया जिने फिरवल्या ती हीच. गोळीबार ऐकून ऐकून बाप म्हातारपणी ठार बहिरा झाला. मुलगा अमेरिकेत आईजवळ वाढला, १८८६ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतून वयाच्या सतराव्या वर्षाच्या आत पदवीधर झाला, मोटारगाड्यांच्या धंद्यात शिरला, आणि ३० मार्च १९०९ रोजी त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. न्हाणीतले पाणी मोरीत जाताना भोवरा करून, गपचूप जाते हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. बापाने आवाज जगभर नेला आणि मुलाने तो कमी केला, असे म्हणायचा मोह होतो. पण मुलाच्या आठवणींचे पुस्तक बापावर रागावलेल्याचे नाही, त्याच्या विक्षिप्तपणाला हसणाऱ्याचे आहे. पुढे हाच मॅक्झिम इंजिनांच्या धुराड्यांसाठी सायलेन्सर करू लागला. १९१४ साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना स्थापणाऱ्या दोघांपैकी एक तोच. आवाज मिटवणारा माणूस दूरचे आवाज ऐकण्याच्या छंदाचा पुढारी झाला.

यंत्र म्हणून ही वस्तू अगदी साधी आहे. काडतुसातली दारू जळून तयार झालेला उष्ण वायू गोळीच्या पाठोपाठ नळीतून एकदम सुटतो, त्याचा तो स्फोटासारखा आवाज. नळीपुढे कप्पे असलेले नळकांडे लावले तर वायू एकेका कप्प्यात पसरतो, घुटमळतो, थंड होतो आणि दाब बराच उतरल्यावर बाहेर पडतो. कप्पे पाडणाऱ्या चकत्यांना बॅफल म्हणतात. आपले मोटारसायकलचे मिस्त्रीही सायलेन्सरच्या आतल्या भागाला हाच शब्द वापरतात. आवाज नाहीसा होतो ही सिनेमातली थाप. पॉइंट टू टू रायफलचा आवाज कानाशी सुमारे १४० डेसिबल असतो, तो वीस-तीस डेसिबलने उतरतो इतकेच. कानाला इजा होण्याच्या पातळीखाली तो येतो आणि शेजाऱ्यांचा त्रास कमी होतो. म्हणून फिनलंड, नॉर्वे या देशांत शिकारी लोकांना त्याचे काही वाटत नाही. अमेरिकेने मात्र १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यात त्याला मशीनगनच्या पंक्तीला बसवले आणि दरवेळच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर लावला. तेव्हा ही रक्कम वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होती. आकडा नव्वद वर्षे तसाच राहिला. २०२५ साली झालेल्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आणला. नोंदणी सुटलेली नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. भाच्याच्या त्या काळ्या चकत्या पाहून मी सहज म्हणालो, "अरे, माप घेऊन पाठव, लेथवर दोन तासांत करून देतो." तो एकदम दचकला. अमेरिकेच्या कायद्यात सायलेन्सरची व्याख्या फक्त नळकांडीपुरती नाही. केवळ त्यातच वापरायचा म्हणून केलेला सुटा भागसुद्धा सायलेन्सर. घरी नवी चकती कातली तर परवानगीशिवाय शस्त्र बनवल्याचा गुन्हा. खराब झालेली चकती घेऊन मूळ उत्पादकाकडे किंवा परवानाधारकाकडेच जावे लागते. बाजारात दुसरी विकत घेऊ, असे होत नाही. म्हणून ती धुताना बिघडवणे महागात पडते.

आता मळाकडे. रायफलचे बहुतेक सायलेन्सर उघडत नाहीत, ते जोडून बंद केलेले असतात. त्यांतल्या मोठ्या काडतुसांची गोळी तांब्याच्या कवचात असते आणि वायू इतक्या जोराने व उष्णतेने जातो की मळ फारसा टिकत नाही. पॉइंट टू टूचे उलट. तिची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचा किंवा वंगणाचा हात, फार तर तांब्याचा नावापुरता मुलामा. काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेला पेट घेणारा मसालाही बहुतेक वेळा शिशाच्याच स्फोटक संयुगाचा. शिसे ३२७ अंशांना वितळते. जळत्या वायूचे तापमान त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे गोळीच्या बुडाचे शिसे थोडे वितळते, थोडे खरवडले जाते, थोडे वाफ होऊन जाते, आणि पुढच्या थंड चकत्यांवर थिजते. त्यात कोळसा, अर्धवट जळलेली दारू आणि मेण मिसळते. काहीशे गोळ्या झाल्या की चकत्यांवर राखाडी, कडक, दाताच्या किटणासारखा थर बसतो. तो साफ केला नाही तर चकत्या नळकांडीत अशा जाम होतात की हातोडीखेरीज सुटत नाहीत. म्हणूनच पॉइंट टू टूचे सायलेन्सर उघडून धुण्याजोगे करतात, आणि वजन कमी राहावे म्हणून बहुधा ॲल्युमिनियमचे करतात. पोलादाचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७.

म्हणजे काढायचे आहे शिसे, आणि ते बसले आहे ॲल्युमिनियमवर. अडचण सगळी इथे आहे. शिसे काढणारी बहुतेक जालीम औषधे ॲल्युमिनियमला आधी खातात.

आपल्या घरात प्रेशर कुकर लावताना खालच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचे बोटुक टाकायची रीत आहे. माझी आई टाकायची, तिला कारण विचारले तर "नाहीतर कुकर काळा पडतो" एवढेच सांगायची. तो काळा का पडतो? बोअरच्या किंवा नळाच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पाणी उकळले की त्यातला कर्ब वायू निघून जातो आणि पाणी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी गरम पाणी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाला लागते, पाण्यातले क्षार त्या थरात गुंततात आणि पाण्याच्या रेघेपर्यंत कुकर काळवंडतो. लिंबाच्या फोडीने पाणी किंचित आंबट राहते, म्हणून कुकर उजळ राहतो. पण तीच आई चिंचेचे सार किंवा ताक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर ठेवू देत नसे. पातेल्याला भोके पडतात म्हणायची, आणि खरोखरच बारीक टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत. थोडे आंबट चालते, फार आंबट चालत नाही, आणि सोडा तर मुळीच चालत नाही. हे तिला पीएच हा शब्द न ऐकता माहीत होते.

ॲल्युमिनियम हा धातू मुळात फार चळवळ्या आहे. हवेत उघडा पडला की क्षणात प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. हा थर दोन ते पाच नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतका. पण तो सलग असतो, चिकटून असतो, आणि त्याच्यामुळे पुढचे गंजणे थांबते. लोखंडाचा गंज सुटून पडतो, म्हणून लोखंड खचत जाते; ॲल्युमिनियमचा गंज हेच त्याचे चिलखत. हाच ऑक्साइड निसर्गात स्फटिकरूपात सापडला की त्याला आपण कुरुंद म्हणतो. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द आपल्याकडचाच, दक्षिणेतून गेलेला. त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक, लोह आणि टायटॅनियमचा मिसळला की नीलम. कुकरच्या झाकणावर माणकाचा बिनरंगी भाऊबंद पसरलेला असतो, असे म्हटले तर फार चूक नाही.

ॲनोडायझिंग म्हणजे हा थर विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड करणे. १९२३ साली इंग्लंडमध्ये समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यात टिकावेत म्हणून ही पद्धत प्रथम उद्योगात आली. साध्या कामाला पाच ते पंचवीस मायक्रॉन, कठीण थर हवा असेल तर पन्नासपर्यंत. हा थर पोलादापेक्षा कठीण असतो. पण त्याच्याखाली आहे तो मऊ धातूच. अंड्याचे कवच टणक असते म्हणून अंडे आपटून चालत नाही, तसे.

या चिलखताचा दोष असा की ऑक्साइड उभयधर्मी आहे. शाळेच्या पुस्तकात हा शब्द येऊन जातो आणि कोणी त्याकडे लक्ष देत नाही. उभयधर्मी म्हणजे आम्लातही विरघळणारा आणि अल्कलीतही. साधारण पीएच चार ते साडेआठ-नऊ या पट्ट्यात तो सुखरूप असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना तो विरघळू लागतो. कॉस्टिकमध्ये तर तो पाहता पाहता जातो आणि उघडा धातू पाण्याशी भिडून हायड्रोजनचे बुडबुडे सोडू लागतो. आमच्या कारखान्यात कॉस्टिकच्या टाकीवर हा फेस सतत असे, म्हणून तिथे विडी ओढायला सक्त मनाई होती.

भाच्याच्या चकत्या काळ्या का झाल्या, हे मला पाहताक्षणी कळले ते याच टाकीमुळे. यंत्राचे भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात, मिश्रधातूचे असतात. त्याचे नेहमीचे नाव ६०६१. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, थोडे तांबे, थोडे लोह. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, पण सिलिकॉन, तांबे, लोह यांना तितके खात नाही. ते मागे राहतात, काळ्या भुकटीच्या रूपाने. आमच्याकडे तिला 'स्मट' म्हणत, म्हणजे काजळीच. प्रत्येक माल कॉस्टिकमधून काळाठिक्कर बाहेर येई आणि नायट्रिकच्या टाकीत बुडवला की क्षणात पांढरा होई. नवा हेल्पर पहिल्यांदा हे बघून घाबरत असे. मीही घाबरलो होतो, माल जळाला म्हणून. तेव्हा भाच्याच्या चकत्यांवरचे ते काळे मळ नव्हते, जळणेही नव्हते. चकतीतला धातूच विरघळून गेला होता आणि त्याचा सांगाडा उरला होता. त्याने ती काजळी आणखी घासली असती तर ती निघाली असती आणि त्याला वाटले असते की आता स्वच्छ झाले. भोकाचे माप मात्र वाढलेलेच राहिले असते, आटे सैल झाले असते. त्यातून फिरणाऱ्या गोळीला मधल्या भोकातून एखाद-दोन मिलिमीटरच्या फटीने जायचे असते. चकती वाकडी बसली किंवा कडेला झिजली की गोळी तिला घासते, आणि मग धुण्याचा प्रश्न उरत नाही.

हे झाले अल्कलीचे. आम्लाच्या बाजूचा फसवा उपाय नेमबाजांमध्ये याहून लोकप्रिय आहे. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात भाग बुडवून ठेवायचे. शिसे फेसाळत विरघळते, घासावेही लागत नाही. पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या भागांवर हे करणारे करतात. ॲल्युमिनियमवर दोन अनर्थ होतात. एक तर धातू खाल्ला जातो. दुसरे म्हणजे, जिथे ऑक्साइडचे चिलखत फुटले तिथे ॲल्युमिनियम द्रावणात उतरते आणि द्रावणातले शिसे त्याच जागी परत येऊन बसते. धातूंच्या सक्रियतेच्या क्रमात वरचा खालच्याला हुसकावतो, हा शाळेतलाच नियम. आपण शिसे काढायला बसलो आणि धातू देऊन शिसे परत घेतले.

पण मला त्या द्रावणाची खरी भीती वेगळ्या कारणाने वाटते. चकतीवर बसलेले धातुरूप शिसे तितकेसे घातक नाही, हात धुतले तर ते मोरीत जाते. व्हिनेगरमध्ये विरघळले की त्याचे शिसे-ॲसिटेट होते, आणि ते पाण्यासारखे स्वच्छ, पोटात सहज शोषले जाणारे, चवीला गोड असते. जुने रसायनज्ञ त्याला शिशाची साखर म्हणत. प्राचीन रोममध्ये द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवून सरबत करीत आणि त्याने दारू गोड करीत, त्या गोडीत काही वाटा याचाच होता. गोड, स्वच्छ, दिसत नाही असे विष उघड्या डब्यात ओट्यावर असणे, आणि घरात चार वर्षांचे मूल. भाच्याने व्हिनेगर वापरले नव्हते. पुढच्या आठवड्यात तो वापरणार होता. त्याच्या मित्राने सुचवले होते.

शिशाबद्दल आपण भारतीयांनी नाक वर करू नये. देवाला लावायचा शेंदूर परंपरेने शिशाचाच ऑक्साइड आहे. कल्हईत कथलाऐवजी शिसे घालून ग्राहकाला फसवणारे लोक होते, म्हणून जुन्या घरांत कल्हईवाल्यासमोर कोणीतरी बसून राहत असे. आपल्या नेमबाजांच्याही हातात पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळ्या असतात: २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक आणणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, या सगळ्यांचे आयुष्य त्याच गोळीवर गेले. त्यांच्या रायफलींना सायलेन्सर नसतो, पण नेमबाजीच्या बंदिस्त मैदानावर झाडू मारताना जी धूळ उडते ती याच जातीची. ती कोरडी झाडू नये, ओली पुसावी. मुलांसाठी रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र म्हणते. २०२१पासून डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम हा लक्ष देण्याचा आकडा त्यांनी धरला आहे. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. चकतीवरून खरवडलेल्या एका चिमटीत किती मायक्रोग्रॅम असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

उष्णतेचा उपायही लोक करतात. भाग भट्टीत ठेवून किंवा गॅसच्या ज्योतीने कोळसा जाळायचा. पोलादाला चालेल, ६०६१ला त्याची ताकद मुळात १६०-१७५ अंशांना कित्येक तास मुरवून आणलेली असते. १९०६च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन माणसाला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता पडून राहिल्याने कठीण होतो हे ध्यानात आले, त्याच शोधाचा हा विस्तार. पण मुरवणे जास्त झाले की मऊपणा येतो. दोनशेच्या वर बराच वेळ गेला की धातू वरून तसाच दिसतो आणि आतून ढिला पडलेला असतो. शिवाय शिशाची वाफ घरभर. पोलादी तारांचा ब्रश आणि सँडपेपर यांबद्दल वेगळे सांगायला नको. ते थर ओरबाडतात आणि लोखंडाचे कण धातूत रुतवतात, मग दमट हवेत त्या कणाभोवतीच खड्डा पडतो. कोकणात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लोखंडी स्क्रू लावलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दिसलेले आहे.

मग करायचे काय? मी भाच्याला जे सांगितले ते कंटाळवाणे आहे. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहावे, सायलेन्सर उतरवावा, काम गॅरेजमध्ये, पत्र्याच्या ट्रेवर, नायट्राइलचे हातमोजे घालून करावे. चकत्या काढताना त्यांचा क्रम आणि तोंड कोणत्या बाजूला होते ते लिहून किंवा फोटो काढून ठेवावे. पहिली चकती सर्वांत जास्त मार खाते, ती बहुधा वेगळी असते. मग सगळे रॉकेलसारख्या पातळ तेलात किंवा बंदुकीच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवावे. तेल आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमला काही करत नाही. फक्त मेण आणि काजळी मऊ करते. सकाळी नायलॉनच्या ब्रशने आणि लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओले असतानाच खरवडावे. कोरडे कधीही नाही. शेवटी भांडी घासायचा साधा, सौम्य साबण आणि कोमट पाणी, तेही वेगळ्या बादलीत. अल्ट्रासॉनिक यंत्र वापरायचेच असेल तर सौम्य साबणात काही मिनिटे. त्यातले बुडबुडे फुटताना धातूवर बारीक बारीक घण मारतात, आणि रात्रभर मारले तर ॲल्युमिनियमला देवीचे व्रण पडतात. डिशवॉशरमध्ये अजिबात नाही. त्याची पूड सोड्याचीच असते आणि ताटे त्याच यंत्रात जातात.

धुतल्यावर लगेच वाळवावे. आट्यांना अगदी थोडे ग्रीस. चकत्यांना सिलिकॉन तेलाचा पुसट हात दिला तर पुढच्या वेळी मळ बोटाने निघतो; हे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी केले जाणारे काम. परत जोडल्यावर भोके एका रेषेत आहेत का, हे सरळ सळई घालून पाहावे. एक गोष्ट मला स्वतःला पटवून घ्यायला वेळ लागला. आमच्या कारखान्यात स्वच्छता म्हणजे काय याची परीक्षा ठरलेली असे: पाण्यात बुडवून वर काढायचे, पाणी सलग पसरले तर स्वच्छ, थेंब धरले तर परत टाकीत. इथे ती परीक्षा लावू नये. कोपऱ्यांत राखाडी रंग राहिला, डाग राहिले, तरी चकत्या सुटतात आणि नीट बसतात एवढे पुरे. चकचकीत करण्याच्या हट्टापायीच त्या जातात. "मामा, तू म्हणतोस अस्वच्छ ठेव?" असे त्याने विचारले. हो, थोडे.

त्याच्या चकत्या उत्पादकाकडे गेल्या आणि नव्या येईपर्यंत रायफल कपाटात राहिली. किचनचे सिंक, ओटा आणि फरशी त्याने दोनदा ओल्या फडक्याने पुसली, फडकी बंद पिशवीत टाकली. नातीच्या रक्ताची तपासणी झाली. आकडा साडेतीनच्या खाली निघाला. मला बहिणीकडून आधी कळले, त्याच्याकडून नंतर.

आता गॅरेजमध्ये झाकणाचा एक डबा आहे. खरवडलेला मळ, वापरलेले तेल, हातमोजे, चिंध्या सगळे त्यात जाते आणि डबा भरला की घातक कचरा गोळा करतात तिथे देऊन यायचे, गटारात नाही. डब्यावर त्याने इंग्रजीत 'शिसे, हात लावू नये' असे लिहिले होते. नात सध्या रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकते आहे, म्हणून तिच्या आजीने खाली तेच मराठीतही लिहायला लावले.